लाइट गेली की नाटक सुरू

शुक्रवार संध्याकाळ, सव्वासात. खराडीतून निघालेली आमची कॅब वाघोलीच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे बाइकवरचा एक मुलगा हेल्मेटमध्ये मोबाइल कोंबून आईशी भांडतोय. वाघोलीत स्वस्तात फ्लॅट मिळाला म्हणून मी हुरळून गेले होते, त्याचे हप्ते बँक घेते आणि व्याज नगर रोड वसूल करतो.

पण त्या शुक्रवारी मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. कारण मी नगर रोडवर नव्हतेच. मी ब्राझीलमध्ये होते. लाइनिंगेन नावाचा एक हट्टी मळेवाला, आणि त्याच्या मळ्याच्या दिशेने सरकणारी मैलोन्मैल पसरलेली मुंग्यांची फौज. वाटेत जे येईल ते खात सुटलेली. सगळे सांगताहेत, बाबा रे, पळ. आणि हा म्हणतोय, मी नाही हलत. एवढं सगळं फक्त कानात. एक माणूस बोलतोय, मागे कसलीतरी सळसळ आहे, आणि माझ्या हातावर काटा. ड्रायव्हरने काच खाली केली तर मी दचकून पाय वर घेतले! तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

हे नाटक १९४८ मधलं आहे, बॉस. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर 'एस्केप' नावाची मालिका लागायची, १९४७ ते १९५४. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं संकट. या आठवड्यात दीपगृहात अडकलेले तिघे आणि बाहेर हजारो भुकेले उंदीर, पुढच्या आठवड्यात आणखी कुठलं तरी जंगल. मागच्या भागाशी काही देणंघेणं नाही. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी आदर्शच की. 'तिसऱ्या सीझनपासून भारी होते गं, आधीचे दोन सहन कर' असला प्रकार नाही. अर्धा तास, एक गोष्ट, खेळ खल्लास. आणि गंमत म्हणजे सुरुवातीलाच निवेदक ऐकणाऱ्याला विचारायचा, की रोजच्या रगाड्याचा कंटाळा आलाय का, यातून सुटावंसं वाटतं का. १९४७ साली! तेव्हा एक्सेल शीटसुद्धा नव्हती. (ही जुनी रेकॉर्डिंग्ज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ऐकता येतात. ऑफिसच्या वायफायवर ऐकू नका, नाहीतर आयटीवाले मला शोधत येतील.)

आता तुम्ही म्हणाल, हिला हे कुठून सुचलं? सुचलं नाही. शोधावं लागलं. नानांसाठी.

नाना म्हणजे माझे वडील. राहुरीच्या पुढे एका साखर कारखान्यात अकाउंट्समध्ये आयुष्य काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि कारखान्याच्या जवळच, भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, घर बांधलं. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, आणि बहुतेक वेळा हे सगळं गुपचूप चालतं. दुखत नाही, लाल होत नाही. आधी बाजूचं दिसणं जातं. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो आणि चौकटीलाच नावं ठेवतो. आमच्या लक्षात आलं तोवर बरंच गेलं होतं. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी राहिलेलं सांभाळायचं, एवढंच हातात. (तुमच्या आईवडिलांनी चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. हा कॉलम त्यासाठी नाही, पण लिहून टाकते.)

आणि मी काय केलं? जे आपली पिढी करते तेच. बोनस आला, पंचावन्न इंची टीव्ही घेतला आणि घरी पाठवून दिला. मोठा स्क्रीन, म्हणजे नानांना दिसेल! नाना तीन दिवस त्याच्यासमोर बसले. चौथ्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "अगं, ते टीव्हीकडं पाठ करून बसत्यात. म्हणत्यात, आवाज चांगलाय."

मला राग आला. मग लाज वाटली. मग एक जुनी गोष्ट आठवली.

कट टू २००६. मी दहावीत. महाराष्ट्रात लोडशेडिंगचं राज्य. पुण्यामुंबईच्या मित्रमंडळींना हे सांगितलं की ते 'हो गं, आमच्याकडेही जायची दोन तास' म्हणतात. दोन तासांना आम्ही लोडशेडिंग म्हणतच नव्हतो. कारखान्याची गंमत अशी, की गळीत हंगाम चालू असला की कारखाना बगॅस जाळून स्वतःची वीज स्वतः करतो, म्हणजे कॉलनीत दिवाळी. हंगाम संपला, चिमणीचा धूर थांबला, की कॉलनीही गावाबरोबर अंधारात. ऐन परीक्षेच्या मोसमात. मग रात्री जेवणं उरकली की अंगणात सतरंजी, मधोमध कंदील, तोही रॉकेल वाचवायला मिणमिणता, आणि नानांचा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. लाइट गेली की नाटक सुरू.

विविध भारतीवर 'हवामहल' लागायचं. पंधरा-वीस मिनिटांचं छोटं नाटुकलं. रोज नवं. एका रात्री विनोदी, दुसऱ्या रात्री भुताचं, तिसऱ्या रात्री रेल्वेच्या डब्यात सापडलेली बेवारस पेटी. हिंदी आम्हाला जेमतेम कळायची, पण भीतीला भाषांतर लागत नाही. नाना मधूनच आवाज बारीक करायचे आणि विचारायचे, "सांगा, कोन आसंल दारात?" आम्ही तिघं भावंडं तीन उत्तरं द्यायचो. मग आवाज मोठा. दार उघडल्याचा करकर आवाज. आई दरवेळी म्हणायची, पोरांना झोप लागायची नाही. दरवेळी तीच आधी आत पळायची.

नाना आणि विविध भारती एकाच वयाचे, दोघांचा जन्म १९५७ चा. विविध भारती जन्मली तीही एका भांडणातून. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास वाटायचा. १९५२ च्या सुमाराला आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ गायबच झालं. झालं काय, तर अख्खा देश रेडिओ सिलोन लावून बसला. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' तिथूनच यायची. शेवटी सरकारने माघार घेतली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली. बाजाराने सरकारला नमवल्याचं हे बहुतेक सगळ्यात गोड उदाहरण असावं. मग १९६७ पासून तिथे जाहिराती आल्या आणि जाहिरातींबरोबर प्रायोजित कार्यक्रम. नानांच्या तरुणपणी त्यातला हिट म्हणजे 'इन्स्पेक्टर ईगल'. ईगल थर्मासवाल्यांचा गुप्तहेर! चहा गरम ठेवणाऱ्या बाटलीच्या नावाचा इन्स्पेक्टर खुनी पकडतोय, यात तेव्हा कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आज एखाद्या ब्रँडने असं केलं तर त्यावर तीन प्रेझेंटेशन्स होतील आणि तिसऱ्यात खुनी बदलायला सांगतील.

मराठीत या प्रकाराला फार सुंदर शब्द आहे. नभोनाट्य. छोटं असेल तर श्रुतिका. मुंबई केंद्र १९२७ चं, पुणे केंद्र १९५३ चं. पुण्याहून १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला 'गीतरामायण' लागायचं ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच वर्षी मुंबई आकाशवाणीवर रत्नाकर मतकरी नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची 'वेडी माणसं' ही एकांकिका लागली होती, हे मला अलीकडेच कळलं. पुढे याच माणसाने गूढकथा लिहून अख्ख्या महाराष्ट्राला रात्री बाथरूमला जायची चोरी केली. सुरुवात झाली ती रेडिओवर. मला हे फार लॉजिकल वाटतं. जो माणूस न दाखवता लिहायला शिकला, त्याला घाबरवणं शिकवावं लागत नाही.

कारण सगळी ट्रिक तीच आहे ना. घोडा म्हणजे दोन करवंट्या. आग म्हणजे चुरगाळलेला सेलोफेनचा कागद. वीज म्हणजे हलवलेला पत्रा. पाऊस म्हणजे सुपात फिरवलेले दाणे. स्टुडिओत माइकसमोर चार माणसं हातात कागद धरून उभी, कागदाची सळसळ येऊ नये म्हणून एकेक पान हळूच सोडून देणारी. आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र तुफान, जहाज, खून. १९३८ साली ऑर्सन वेल्सने मंगळावरची माणसं न्यू जर्सीत उतरवली तेव्हा अमेरिका रस्त्यावर धावत सुटली, अशी दंतकथा आहे. हल्लीचे अभ्यासक म्हणतात की घबराट झाली, पण इतकी नाही, वर्तमानपत्रांनी ती फुगवली. रेडिओ जाहिराती पळवत होता ना त्यांच्या! असो.

तर मी नानांसाठी नाटकं शोधायला लागले. आकाशवाणीचं ॲप त्यांच्या फोनवर टाकलं, विविध भारती एका बटणावर आणून दिली. बंगाल्यांचा हेवा वाटला. कोलकात्यात रेडिओ मिर्चीवर २००९ पासून 'संडे सस्पेन्स' चालू झालं, सत्यजित राय यांच्या फेलूदापासून परदेशी साहसकथांपर्यंत सगळं बंगालीत. तिथली आपल्या वयाची मुलं जेवताना ते ऐकतात म्हणे, अभिमानाने. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहून ठेवल्या आहेत, नाथमाधवांचं 'वीरधवल' आहे, नारायण धारप आहेत. मराठीत ऑडिओबुकं बरीच आली, स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून तर चांगलीच. पण वाचून दाखवणं वेगळं आणि नाटक वेगळं. एकाच्या आवाजात दरोडेखोर आणि त्याच आवाजात त्याची आजी, हे मला नाही झेपत.

म्हणून शेवटी 'एस्केप'. इंग्रजी नानांना पुरेसं कळत नाही, तर मी ऐकायचं, पॉझ करायचं, मराठीत सांगायचं. दर रविवारी रात्री नऊला, फोनवर. दीपगृहातल्या उंदरांचा भाग त्यांना इतका आवडला की त्यांनी तो शेजारच्या काकांना आपल्या भाषेत सांगितला. काकांनी दुसऱ्या दिवशी घरात पिंजरा आणून लावला. हा मी यश मानते.

एका रविवारी उंदरांच्या गोष्टीनंतर मी सहज म्हटलं, "नाना, तुमचा आवाज काय भारी आहे हो. तुम्ही रेडिओवर जायला हवं होतं."

पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"गेलो होतो," नाना म्हणाले.

पस्तीस वर्षांची झाले मी. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

१९८१ साल. नाना चोवीस वर्षांचे, कारखान्यात नुकतेच चिकटलेले. गॅदरिंगच्या नाटकात ते दरवर्षी खलनायक. कुणीतरी म्हणालं, आकाशवाणी नाट्यकलावंतांची ऑडिशन घेते, अर्ज टाक. टाकला. बोलावणं आलं. कोणतं केंद्र ते मी लिहीत नाही, नाना नको म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, एसटीचा प्रवास, एक थंडगार खोली, जिच्या भिंतींना भोकं होती आणि जिथे स्वतःचा आवाज उशीत बोलल्यासारखा यायचा. काचेपलीकडे तीन माणसं. हातात एक उतारा दिला. नानांनी वाचला. त्यात एक वाक्य होतं ज्यात 'पाणी' होतं, 'कोण' होतं, 'बाण' होता. काचेपलीकडून स्पीकरवर आवाज आला, परत वाचा. परत वाचला. परत आवाज आला, 'ण' म्हणा. नानांनी म्हटला. "त्यांना तो न ऐकू आला," नाना म्हणाले, "आन् मला तर दोन्ही सारखेच ऐकू येत व्हते."

महिन्याभराने कार्ड आलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आहे ना, एलआयसीच्या फायलीत." चव्वेचाळीस वर्षं! पॉलिसी मॅच्युअर होऊन पैसे मिळून संपले, कार्ड तिथेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण फक्त नाना नव्हते. कारण पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा, दुसऱ्याच आठवड्यात, लंचच्या टेबलवर मी म्हणाले होते, "पानी दे ना जरा." टेबलवरच्या एकीने हसत सगळ्यांना सांगितलं, हिला 'पानी' पाहिजे. वाईट मुलगी नव्हती ती. आजही मैत्रीण आहे. पण त्या रात्री हॉस्टेलच्या आरशासमोर उभी राहून मी जीभ टाळूला लावून 'ण ण ण' केलं होतं. सहा महिने केलं. 'मंग'चं 'मग' केलं, 'काय करू राह्यली'चं 'काय करतेयस' केलं. आता मला कुणी ओळखत नाही. आता नवी मुलगी टीममध्ये आली आणि 'लोनी काळभोर' म्हणाली की मान आधी माझीच वळते. हे लिहिताना फार बरं वाटत नाहीये.

आता न्याय्य बोलायचं तर काचेपलीकडच्यांचंही काही म्हणणं असणार. मीडियम वेव्हवर खरखर इतकी, की उच्चार स्वच्छ नसेल तर अर्धं वाक्य वाटेतच जायचं. बातम्या वाचणाऱ्याला हा नियम लावला तर मी समजू शकते. आणि आकाशवाणीने गावाकडची बोली ऐकवलीच नाही असंही नाही. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम वर्षानुवर्षं बघत होते, आणि गावाचं बोलणं त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण नाटकाचं काय? नाटकात सगळीच माणसं लागतात ना. दरोडेखोर आला की तो सदाशिव पेठेतून आल्यासारखा 'आपण कोण आहात' विचारतो, आणि बोलीतला माणूस आला की तो गडी किंवा विनोदी. खलनायक व्हायला काय हवं होतं? नानांचा आवाज ऐकून गॅदरिंगला पोरं रडायची. खुनी माणसाने 'पानी' म्हटल्याने खून कमी होतो का?

माझा हा संताप नानांना कळवला, तर ते म्हणाले, "जाऊ दे गं. तेव्हा मला वाटलं, आपल्यातच खोट आसंल."

पुढच्या शनिवारी मी घरी गेले. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा, नगर. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, कंडक्टर अजून 'नगर, नगर' ओरडतो. बॅगेत एक कॉलर माइक होता. ऑफिसमधल्या एका रीलवाल्या मुलाकडून उसना आणलेला. आणि एक स्क्रिप्ट, मी स्वतः लिहिलेलं. हसू नका.

विषय शोधायला लांब जायची गरजच पडली नाही. साहसकथा म्हणून सगळं जग ब्राझीलला जातं आणि आपल्या नगरच्या किल्ल्याकडे कुणी बघत नाही. खरं तर तो लष्कराच्या ताब्यात आहे. आपल्याला त्याचं एवढंच माहीत, की १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना तिथे कोंडलं होतं आणि नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने सुरुवातीला गुप्त ठेवलं होतं. आणि त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे तरुण साथीदार जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवत होते, २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. वय बावीस. आपण बावीसव्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला घाबरतो. त्या रेडिओवर एक वेगळं नाटक होईल, ते पुढच्या वेळी.

मी घेतली त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीची गोष्ट. डिसेंबर १५९५. अकबराचा मुलगा शहजादा मुराद मोठी फौज घेऊन नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला आहे. आत चांदबीबी. निजामशाहीची लेक, विजापूरची विधवा राणी. मुघल जमिनीखालून भुयारं खणतात, तटाखाली दारू भरतात. मुघलांच्याच छावणीतला ख्वाजा मुहम्मद शिराझी रात्री आत येऊन सांगून जातो, की सुरुंग कुठे आहेत. आतले लोक भुयारांच्या दिशेने उलटं खणत जातात आणि दारू काढून घेतात. एक झाला, दोन झाले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच स्फोट. तटाला भलं मोठं भगदाड. लोक पळायला लागतात. चांदबीबी तोंडावर पडदा, हातात तलवार घेऊन भगदाडात येऊन उभी राहते. रात्र पडेपर्यंत लढाई, आणि रात्रीत पुन्हा भिंत उभी. सकाळी मुघल बघतात तर भगदाड गायब. तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरून उडवली अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, आवाजाच्या दृष्टीने बघा! तांब्याचा खणखणाट वेगळा, चांदीचा वेगळा. शेवटी तह झाला, वऱ्हाड मुघलांना गेलं, किल्ला राहिला. चार वर्षांनी, १६०० मध्ये, किल्ला पडला, पण त्याआधी तिला मारलं ते तिच्याच माणसांनी. आणि आपण काय करतो? 'चांदबीबी महाल' म्हणून डोंगरावर जाऊन भेळ खातो. तो महाल तिचा नाहीच, ती सलाबतखानाची कबर आहे.

आता अंधारात जमिनीखाली कान लावून खणण्याचा आवाज ऐकणारी माणसं, ही रेडिओची गोष्ट नाही तर कुणाची?

नानांना शिराझी दिला. रात्री शत्रूच्या किल्ल्यात शिरून भेद सांगणारा माणूस. वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं. आईने चांदबीबी व्हायला ठाम नकार दिला, मग 'भगदाडातून ओरडायचंच आहे ना फक्त' म्हणून तयार झाली. भाचा मुघल फौज. घोडे करवंट्यांचे, नाण्यांसाठी देवघरातला गल्ला. नळावरच्या घागरीत तोंड घालून बोललं की भुयाराचा आवाज येतो, हा नानांचा शोध. गॅदरिंगचा अनुभव.

मी वाक्य सांगितलं, "पाण्याच्या बाजूने खणा, कोणाला सांगू नका."

नाना थांबले. त्यांनी जीभ वर नेली. मला दिसली, वर नेताना. चव्वेचाळीस वर्षांनी तेच वाक्य, जवळजवळ. मी लिहिताना ते का लिहिलं, मुद्दाम लिहिलं की नकळत, मला अजून सांगता येत नाही.

"नाना," मी म्हटलं, "शिराझी कुठला आहे?"

"इराणातला ना?"

"पण नगरात किती वर्षं आहे?"

नानांना हसू आलं. मग घागरीत तोंड घालून, दबक्या, घोगऱ्या आवाजात, ज्याने माझ्या भाच्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला, ते म्हणाले, "पान्याच्या अंगानं खंदा. आन् कोनाला सांगू नका."

मला दुसरा टेक नको होता. नानांनाच हवा होता, 'अजून दबकं पायजे' म्हणून. तीन टेक झाले. चौथ्याला सगळं जुळून आलं, सुरुंग, स्फोट (पलंगावर आपटलेली पत्र्याची ट्रंक), आईची आरोळी, जी ऐकून शेजारचे काका धावत आले. आणि नेमकं भगदाड बुजवायच्या शांत प्रसंगात कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली. लांबलचक, अख्ख्या १५९६ मधून आरपार.

मी कपाळावर हात मारला. "नाना, परत घ्यावं लागेल. मुघलांकडे कुठला आलाय भोंगा?"

नानांनी घागरीतून तोंड बाहेर काढलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यांची पन पाळी सुटत आसंल."